डोळ्यातली खिडकी

१

घरात तिला धाकटी म्हणत आणि वसाहतीत परदेशीण. पाच वर्षं दूरच्या देशात फोटोग्राफी शिकून ती परत आली, तेव्हा शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी कुंपणावरूनच विचारलं होतं, "तिकडे एवढं शिकलीस आणि इथे फोटो काढणार कोणाचे? आमचे?"

"तुमचेच," धाकटी म्हणाली होती, आणि अगदी मनापासून म्हणाली होती.

तिचं म्हणणं साधं होतं. नटांचे आणि पुढाऱ्यांचे चेहरे भिंतभर लावतात, मग बसची वाट बघणाऱ्या माणसाने काय घोडं मारलंय? शहराच्या कडेची ही वसाहत म्हणजे एकसारखी बैठी घरं, कमरेएवढी कुंपणं, पाण्याची उंच टाकी, टाकीखाली बसथांबा आणि त्याच्यासमोर लाँड्री, औषधांचं दुकान, वाचनालय. इथे कधी काही घडत नाही असं इथलेच लोक सांगत. धाकटीला वाटे, सगळं इथेच तर घडतं, नीट बघितलेलं नाही कोणी एवढंच.

म्हणून रोज सकाळी आठला ती टाकीखाली उभी राही आणि दिवसाकाठी एका माणसाचा फोटो काढी. दोन हातांच्या अंतरावरून, चेहरा समोर. नऊला घरी येऊन ती फोटो संगणकावर घाली आणि आधी डोळा मोठा करून बघे. फोटो स्पष्ट आलाय की नाही हे नाकाकानावरून कळत नाही, डोळ्यावरून कळतं. आणि डोळा खूप मोठा केला की त्या काळ्या गोलात, वाटीच्या पाठीवर दिसावं तसं समोरचं सगळं दिसतं. आभाळाचा तुकडा, टाकीचे खांब, आणि मधोमध कॅमेरा धरलेली मुंगीएवढी धाकटी. दुसऱ्यांनी काढलेले चेहरेही ती असेच वाचायला शिकली होती. खिडकी कुठल्या अंगाला होती, दिवा किती वर होता, काढणारा उभा होता की बसला होता, सगळं त्या ठिपक्यात लिहिलेलं असतं. "फोटोग्राफर आपली सही समोरच्याच्या डोळ्यात करतो," असं तिच्या शिक्षिका म्हणायच्या.

तर सही स्पष्ट येत होती, उजेड अचूक पडत होता, आणि चेहरे मात्र मेलेले होते.

"छान आहेत गं," आई म्हणाली.

आईच्या 'छान'मध्ये किती पाणी असतं हे पोटच्या पोरीला कळणार नाही तर कोणाला? "पण?"

"पण काय... सगळे दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे दिसतात."

"मला तर ओलीस ठेवल्यासारखे वाटतात," दादा पेपरामागून म्हणाला. "मागे कोणीतरी सुरा धरून उभा असेल बघ."

सगळ्यात वाईट फोटो आईचा. एरवी एका वाक्यात चार चेहरे करणारी बाई, पण कॅमेरा वर गेला रे गेला की तिच्या तोंडाची पाटी होई. धाकटीने तिचे एकोणचाळीस फोटो काढले होते. एकोणचाळीस पाट्या.

वाचनालयाने तिच्या फोटोंच्या प्रदर्शनाला वरचा हॉल एका रविवारसाठी दिला होता. त्याला सहा आठवडे होते. ती शिकली त्या दूरच्या शाळेने तिच्यासाठी शिकवण्याची एक जागा राखून ठेवली होती, आणि तिचं उत्तर बरोबर त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, द्यायचं होतं. धाकटीने मनाशी गाठ बांधली होती. त्या हॉलमध्ये इथली माणसं आपल्या चेहऱ्यासमोर थांबली, 'हा मी' म्हणाली, तर इथे राहायचं. नाहीतर पाच वर्षं छातीठोकपणे बोललो ते सगळं थोतांड, गाशा गुंडाळायचा.

२

बसथांब्यापलीकडे वसाहतीतला एकुलता एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या काचेत सात फोटो लावलेले होते, पत्त्याच्या पानाएवढे. धाकटी लहानपणापासून त्यांच्यासमोरून हजार वेळा गेली असेल, पण परत आल्यावर पहिल्यांदा थांबली आणि तिथेच उभी राहिली. एक गवंडी. जाड भिंगांचा चष्मा लावलेली मुलगी. दोन म्हाताऱ्या जुळ्या बहिणी. हसत कोणीच नव्हतं. पण ज्याची वाट बघणं केव्हाच सोडून दिलं तोच दार उघडल्यावर उभा दिसावा, तसे ते सातही चेहरे उमललेले होते. एवढ्या संग्रहालयांतून हिंडून तिने असं काही पाहिलं नव्हतं.

स्टुडिओवाले काका पंच्याहत्तरीचे होते. वसाहतीचं त्यांच्याबद्दल दोनच गोष्टींवर एकमत होतं. एक, काका फोटो कधी मोठा करून देत नाहीत. तळहातापेक्षा मोठा फोटो त्यांच्या दुकानातून कधी बाहेर पडला नाही. हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेला भिंतीवर लावायला मोठा हवा होता, तर काका सरळ म्हणाले, "मग दुसरीकडे काढा." आणि दोन, अकराएक वर्षांपूर्वी काकांचा हात गेला. तेव्हापासून ते फक्त पासपोर्टचे फोटो काढत, आणि तेही असे की माणसाला स्वतःची लाज वाटावी. धाकटीच्या पासपोर्टवर ती जन्मठेप झाल्यासारखी दिसत होती.

आता दुकान बंद होणार होतं. तिथे मोबाइलवाला येणार होता. निगेटिव्हची नऊ खोकी दाराशी ठेवलेली होती, भंगारवाल्यासाठी.

"काका, हा गुन्हा आहे!" धाकटी ओरडलीच.

"असेल," काका म्हणाले.

"ही वसाहतीची संपत्ती आहे. हे चेहरे... काका, तुम्ही यांना असं बघायला लावलंत कसं?"

"मी आयुष्यात कोणाला 'हसा' म्हटलं नाही. हनुवटी जरा खाली, एवढंच म्हणतो." काकांनी तिच्याकडे बघितलं. म्हणजे तिच्याकडेच, पण आधी एकदा तिच्या मागच्या रिकाम्या फूटपाथकडे. "न्यायचीत तर ने. पण मोठे करू नकोस."

"का?"

"माणूस ओळखू येतो ना एवढ्यात? मग झालं."

धाकटीने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, त्याच्याशी वाद कशाला घाला? खोकी दादाच्या गाडीतून घरी आली, आणि त्याच दुपारी तिने पहिली निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवली. सगळ्यात मोठ्या आकारात.

३

स्कॅनर घुरघुरत होता आणि पडद्यावर गवंडी वरून खाली उतरत होता. कपाळ, भुवया, डोळे. डोळ्यांवर आल्यावर धाकटीने सवयीने मोठं केलं.

स्टुडिओची खोली पूर्ण दिसत होती. डावीकडे पातळ पडद्याची खिडकी, मधे तीन पायांवरचा कॅमेरा, त्याच्यामागे वाकलेले तरुण काका. त्यांच्या मागे खोलीचं उघडं दार, आणि दारात कोणीतरी उभं.

असेल कोणी घरचं, किंवा पुढचं गिऱ्हाईक. धाकटीने चष्मेवाली मुलगी लावली. दारात कोणीतरी. जुळ्या बहिणी लावल्या. चारही डोळ्यांत खिडकी, काका, आणि कोणीतरी. पण आता दारात नव्हे, दाराच्या आत, भिंतीशी.

मग तिने खोक्यांवरची वर्षं बघून फोटो ओळीने लावले. दोन दिवस ती जेवणापुरती उठली असेल. माणसं बदलत होती, पडदा बदलला, काकांचे केस मागे सरकत गेले, पण ते कोणीतरी बदलत नव्हतं. हात खाली सोडलेले, एक खांदा जरासा उतरलेला. बाई की पुरुष, सांगता येत नव्हतं. इतक्या लहान ठिपक्यात कपडेही कळत नव्हते. फक्त वर्षागणिक ते पुढे येत होतं. दारात, भिंतीशी, खोलीच्या मधे, काकांच्या पाठीमागे दोन हातांवर. अकरा वर्षांपूर्वीच्या आठव्या खोक्यातल्या शेवटच्या फोटोत ते काकांच्या उजव्या खांद्याला टेकलेलं होतं.

नवव्या खोक्यात नुसते त्यानंतरचे पासपोर्ट फोटो होते, आणि त्यांच्या डोळ्यांत खिडकी होती, काका होते, आणि मागे मोकळी खोली.

कोट अडकवायचा स्टँड असणार. स्टँड सरकवतात लोक. सरकवत सरकवत तीस वर्षांत आला पुढे. स्टँडला खांदे असतातच की.

"आई, काकांच्या स्टुडिओत कोट अडकवायचा स्टँड होता का गं?"

"स्टँड? खुर्ची आणि कॅमेरा, बस. पिशवीसुद्धा मांडीवर घेऊन बसायला लागायचं," आई म्हणाली. "का गं?"

४

पुढच्या आठवड्यात धाकटी लाँड्रीवाल्या मावशींच्या दुकानात गेली. फोटो काढायलाच, पण काकांचं वाक्य डोक्यात घोळत होतं. म्हणून तिने 'इकडे बघा, असं बघा' केलं नाही. वाफ निवळेपर्यंत गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, हनुवटी जरा खाली."

मावशींनी शर्टाच्या कॉलरवरून मान वर केली.

खट्, कॅमेरा वाजला. आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक, हलकं, खट्. जमिनीवर पाऊल टेकावं तसं. कॅमेऱ्याचाच आवाज, धाकटी मनात म्हणाली. आतला आरसा वर जाऊन खाली येतो, त्याचा.

घरी येऊन तिने फोटो उघडला आणि खुर्चीतून उठून उभीच राहिली. मावशी उमलल्या होत्या. इस्त्रीच्या वाफेत, घामाने चिकटलेल्या केसांसकट, चाळीस वर्षं कोणी न बघितलेली ती बाई समोर बसली होती. धाकटीने आईला हाक मारली. आईने येऊन बघितलं, आणि 'छान' म्हणाली नाही. पदराने डोळे टिपत निघून गेली.

त्या दिवशी धाकटी घरभर नाचली. दादाच्या पाठीत धपाटा घातला, कुंपणावरून हेडमास्तरांना ओरडून 'नमस्कार' म्हणाली. डोळा मोठा करून बघायचं तिला संध्याकाळी आठवलं.

लाँड्रीचं दार, दारात धाकटी. आणि तिच्या मागे, रस्त्यापलीकडे, टपालपेटीजवळ कोणीतरी. हात खाली सोडलेले, एक खांदा जरासा उतरलेला.

रस्त्यावर माणसं असतात, तिने स्वतःला बजावलं. टपालपेटीजवळ तर असतातच. आणि मग तिला आठवलं की तिच्या या नव्या कॅमेऱ्यात आरसा नाहीच.

दुसऱ्या दिवशी मावशींनी तिला रस्त्यातच गाठलं. "अगं, काल राहूनच गेलं बघ. तुझ्याबरोबर आलेल्यांना आत बोलवलंच नाही मी. बिचारे उन्हात ताटकळले."

"माझ्याबरोबर कोण होतं, मावशी?"

"अगं ते..." मावशी थांबल्या. त्यांनी कपाळावर बोट आपटलं. "काय मेलं डोकं झालंय. आता चेहरा समोर येत नाही. पण ओळखीचे होते गं. फार ओळखीचे."

५

धाकटी शिकलेली मुलगी होती, आणि शिकलेल्या माणसाने अशा वेळी करायचं ते तिने केलं. प्रयोग. दादाला घेऊन ती शाळेच्या मोकळ्या मैदानावर गेली. भर दुपार, सुट्टीचा दिवस, फुटबॉलच्या गोलाचे दोन खांब सोडले तर आसपास काडी नाही.

पहिला फोटो दादाने छाती काढून दिला. एकच खट्. डोळ्यात आभाळ, गवत, धाकटी.

"आता छाती आत घे," ती म्हणाली. "आणि तू पहिलीत असताना शाळेतून परत येताना हरवला होतास ना, ते सांग."

"त्यात सांगायचं काय? रडत बसलो होतो टाकीखाली. अंधारून आलं होतं. वाटलं, आता कोणी येतच नाही. आणि मग..."

"हनुवटी जरा खाली."

खट्. खट्.

दुसरा खट् मागून आला, पंधरा पावलांवरून. धाकटी गर्रकन वळली. गवत होतं. फक्त गवत.

"कोणाला बघतेस?" दादाने विचारलं. तोही तिच्या मागेच बघत होता आणि त्याचा चेहरा अजून मिटला नव्हता.

"तू कोणाला बघत होतास?"

"तुलाच की! अजून कोण आहे इथे?" तो म्हणाला. आणि मग, डोकं खाजवत, "काय विचारतेस भलतंसलतं."

घरी येऊन बघितलं तर फोटोतल्या डोळ्यात ते होतं. मैदानाच्या मधोमध.

आता खोटं कशाला बोला, धाकटी घाबरली. दोन दिवस तिने कॅमेऱ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी हॉलचं पत्र आलं, किती चौकटी लागतील ते कळवा म्हणून, आणि तिच्याकडे चौकटीत बसवण्याजोगे दोनच चेहरे होते, मावशींचा आणि दादाचा. ती सकाळी आठला टाकीखाली जाऊन उभी राहिली.

पोस्टमनच्या फोटोत ते तिच्या मागे दहा पावलांवर. औषधवाल्या बाई आठ. शाळेच्या बसचा ड्रायव्हर सात, आणि हेडमास्तर, जे कॉलर नीट करत करत स्वतःहूनच आले, सहा. एकेक फोटो असा की बघणाऱ्याने श्वास रोखावा. वसाहतीत बातमी पसरली. परदेशीण नव्हे, 'आपली फोटोवाली' म्हणू लागले लोक. बसथांब्यावर रांग लागली, आणि बस आली तरी रांग मोडेना. जो फोटो नुसताच बरा आला त्याच्या डोळ्यात धाकटी एकटी असे. जो खरा आला, त्याच्यात ते आणखी जरा पुढे असे. पुढेपुढे तिला डोळा मोठा करून बघायची गरजच उरली नाही. मागचा आवाज आला की ती समजे, जमला. तिच्या अंगावर काटा येई आणि त्याच वेळी तिला मोठ्याने हसावंसं वाटे. दोन्ही एकदम. त्यातलं एक निवडायला सांगितलं असतं तर तिने हसणं निवडलं असतं.

आईची मात्र पाटी ती पाटीच. चाळिसावी, एकेचाळिसावी. बेचाळिसाव्या पाटीनंतर आई म्हणाली, "सोड गं माझा नाद. माझ्याच्याने नाही होत. कॅमेरा आला की वाटतं, तू परत चाललीस आणि आठवण म्हणून काढून नेतेयस."

धाकटीने कॅमेरा पिशवीत ठेवला.

६

रविवारला चार दिवस उरले तेव्हा ती काकांकडे गेली. दुकान रिकामं झालं होतं. खुर्ची, खिडकी आणि पातळ पडदा, एवढंच राहिलं होतं. सकाळचं ऊन पडद्यातून गाळून आल्यासारखं जमिनीवर सांडलं होतं आणि पावलांचे आवाज भिंतींना आपटून परत येत होते.

"मोठे केलेस," काका म्हणाले. विचारलं नाही.

"केले."

"कुठवर आलंय?"

"तीन पावलं."

काकांनी डोळे मिटले. "मला तीस वर्षं लागली. तू महिन्यात आणलंस. माझ्यापेक्षा फार चांगली आहेस तू." त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि कीवही. "तुला काय वाटलं, माझा हात गेला? हात नाही जात, पोरी. ते खांद्याला टेकलं, त्याचं वजन जाणवलं मला. खांद्याच्या पुढे मग काय उरतं, तूच सांग. त्या दिवसापासून मुद्दाम वाईट काढत आलो. अकरा वर्षं. चांगला येईल असं वाटलं की बटण अर्धा क्षण उशिरा दाबायचो. फार कष्टाचं काम आहे ते. चांगले काढण्यापेक्षा."

धाकटीला भरून आलं. भीतीने नव्हे, रागाने. "हे पाप केलंत तुम्ही, काका! अकरा वर्षं एवढी माणसं या खुर्चीत बसली आणि तुम्ही त्यांना बघितलं नाहीत?"

"नाही बघितलं."

"माझ्या पासपोर्टच्या फोटोतसुद्धा?"

"तुझ्या तर सगळ्यात जास्त," काका म्हणाले. "तू बसलीस आणि आलाच असता तो फोटो."

बाहेर बस थांबली आणि गेली.

"काका, रविवारी मधल्या भिंतीवर मला तुमचा फोटो लावायचाय."

"वेड लागलंय का तुला? तीन पावलं राहिलीत म्हणतेस आणि..."

"तुमचा एकही फोटो नाही. मी नऊच्या नऊ खोकी बघितली."

"मी नेहमी कॅमेऱ्याच्या मागे," काका म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मग जिथे कॅमेरा असायचा त्या जागेकडे. मग त्या जागेच्या मागे. "एवढ्या लोकांनी बघितलं," ते हळू म्हणाले. "इथे बसून. गवंड्याने बघितलं, त्या चष्मेवालीने बघितलं. किती वर्षं बघत होते माझ्या खांद्यावरून. आणि मी एकटाच असा की ज्याला कधी..."

वाक्य अर्धंच सोडून ते खुर्चीत जाऊन बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. पोरासारखे दिसत होते.

धाकटीने तीन पायांवर कॅमेरा लावला. खिडकी डावीकडे. तिने एकदा मुठी आवळल्या आणि सोडल्या.

"काका, हनुवटी जरा खाली."

"मला शिकवतेस होय," काका म्हणाले, आणि त्यांनी वर बघितलं.

खट्.

दुसरा आवाज आला नाही. त्याऐवजी तिच्या उजव्या खांद्यावर वजन आलं. जड नव्हतं. गर्दीत आपलं माणूस खांद्यावर हात ठेवतं, तेवढंच. आणि मग तेही हलकं होत गेलं, जसं काही ते तिच्यात मुरलं.

समोर काका उमलले होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"अरे," ते म्हणाले. "तू होय!"

"कोण, काका? कोण होतं?"

काका हसले. वसाहतीत त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं. "आणि मी अकरा वर्षं पळत होतो," एवढंच म्हणाले. कितीदा विचारलं, पण पुढे बोलले नाहीत.

७

रविवारी वाचनालयाच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटीने चेहरे दाराएवढे मोठे केले होते, काकांचे आणि तिचे, एकाआड एक. गवंडी आणि शेजारी पोस्टमन. चष्मेवाली मुलगी, आता दोन लेकरांची आई, स्वतःसमोर उभी राहून रडत होती. हेडमास्तर आपल्या फोटोसमोर हात मागे बांधून उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "हा मी. कळलं का? हा मी आहे." लाँड्रीवाल्या मावशींना त्यांच्या नवऱ्याने हाताला धरून त्यांच्याच फोटोपाशी आणलं आणि तो म्हणाला, "ही बघ, ही कुठे होती एवढी वर्षं?" त्यावर मावशींनी त्याला भर हॉलमध्ये चापट मारली.

काका मधल्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते, आपल्याच चेहऱ्याखाली, नवरदेवासारखे.

धाकटीच्या खिशात दूरच्या शाळेचं पत्र होतं. तिने ते काढलं, चार तुकडे केले आणि पुन्हा खिशात घातले. जिंकलो, तिला वाटलं. या भिंती, ही माणसं, सगळं जिंकलो.

एकच गोष्ट राहिली होती. काकांच्या फोटोतला डोळा तिने अजून बघितला नव्हता. चौकटी करायच्या घाईत राहून गेलं, असं ती स्वतःला सांगत आली होती. आता डोळा समोर होता, ताटाएवढा. ती जवळ गेली.

खिडकी होती. पातळ पडदा होता. तीन पायांवरचा कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यामागे, बटणावर बोट ठेवून, एक जण उभं होतं. एक खांदा जरासा उतरलेला.

शेजारी कोणी नव्हतं. मागे कोणी नव्हतं. धाकटी कुठेच नव्हती.

ती बघत राहिली. तिला वाटलं, आपण किंचाळावं. पण छातीत किंचाळी नव्हती, दुसरंच काही होतं, उबदार आणि अफाट, आणि त्याला हॉलमधला एकेक चेहरा आधीपासून ठाऊक होता.

"धाकटी कुठे रे?" मागून आईचा आवाज आला. "आत्ता तर इथे होती."

"असेल इथेच," दादा म्हणाला.

धाकटी वळली. आई दोन हातांवर उभी होती आणि तिच्यातून पलीकडे गर्दीत शोधत होती. "आई, मी इथेच आहे," धाकटी म्हणाली. "मी जात नाहीये. पत्र फाडलं मी."

आईने आवाजाच्या दिशेने बघितलं. हेडमास्तर बोलायचे थांबले. मावशी वळल्या, पोस्टमन वळला, जिन्यावरचे लोक वळले, आणि पाहता पाहता सगळा हॉल एकाच जागेकडे बघू लागला, धाकटी उभी होती तिथे. एकामागून एक चेहरे उमलत गेले, ज्याची वाट बघणं केव्हाच सोडून दिलं तोच दारात उभा दिसावा तसे. फक्त काका खुर्चीत मान खाली घालून बसून होते. हनुवटी जरा जास्तच खाली.

आणि आई. आईची पाटी गळून पडली होती. त्रेचाळीस वर्षांची, तेवीस वर्षांची, सात वर्षांची आई एकदम वर आली होती त्या चेहऱ्यात.

"आलात?" आई म्हणाली. धाकटीला तिने जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

कॅमेरा गळ्यात होता. धाकटीने क्षणभर, फक्त अर्धा क्षण, बटणावरचं बोट रोखून धरलं. काका अकरा वर्षं रोखत होते तसं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. असा चेहरा समोर असताना कोण रोखून धरतं?

खट्.

आईचा फोटो इतका सुरेख आला की वसाहतीत अजून त्याबद्दल बोलतात.